नेपाळचे पाटण : प्रथम जाणाऱ्या धम्मबांधवांसाठी

महाराष्ट्रातून धम्मयात्रेस निघणारे आपले बांधव लुंबिनीचे वंदन करून पुढे काठमांडूस जातात. तेथे स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन महास्तूप पाहतात, बाजारातून एखादी बुद्धमूर्ती घेतात आणि परतीच्या गाडीत बसतात. बागमती नदीच्या दक्षिण तीरावर, काठमांडूपासून अवघ्या काही किलोमीटरवर असलेले पाटण मात्र बहुतेकांचे राहून जाते. पहिल्या यात्रेत आमचेही ते राहून गेले होते. पुढे जेव्हा ते नगर सावकाश पायी फिरून पाहिले, तेव्हा असे जाणवले की आंबेडकरी बौद्धाने नेपाळमध्ये लुंबिनीखालोखाल काही पाहावयाचे असेल तर ते हेच. मात्र तेथे आनंद आणि अस्वस्थता या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात वाट्यास येतात. म्हणून जाण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असाव्यात, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपल्या सातारा जिल्ह्यात पाटण आहे, गुजरातेत पाटण आहे. उत्तर प्रदेशात ललितपूर आहे. नेपाळचे पाटण म्हणजेच ललितपूर, जुन्या लेखनात ललितपत्तन. तेथील मूळचे नेवार लोक आपल्या नेपाळभाषेत त्याला 'यल' म्हणतात. जुने नगर लहान आहे. मधोमध मल्ल राजांचा दरबार व त्यापुढील चौक, तेथून चारी दिशांना निघालेले मार्ग, आणि त्या चार दिशांना चार मोठे मातीचे स्तूप, असा त्याचा आराखडा. पायी चालणारा मनुष्य दरबारापासून उत्तर, पश्चिम वा दक्षिण स्तूपापर्यंत फार वेळ न लागता पोहोचतो. पूर्वेकडील तेता स्तूप तेवढा वस्तीबाहेर, जरा दूर आहे. वाहन करण्याची गरज नाही. किंबहुना वाहन केले तर या नगराचे मर्म हाती लागणार नाही, कारण ते रस्त्यांवर नसून रस्त्यांमागील अंगणांत आहे.

हे चार स्तूप सम्राट अशोकाने उभारले अशी तेथील दृढ श्रद्धा आहे. अशोक या खोऱ्यात आला, त्याची कन्या चारुमती हिचा विवाह येथील देवपालाशी झाला, अशी कथा वंशावळींतून सांगितली जाते. आपल्या कानाला ही कथा गोड वाटते. परंतु इतिहासलेखनात श्रद्धेला पुराव्याची जागा देता येत नाही. अशोकाच्या नेपाळमधील कार्याची निःसंदिग्ध साक्ष आहे ती तराईत: लुंबिनीचा स्तंभ, ज्यावर राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला असे कोरले आहे, आणि निगालीसागरचा स्तंभ. काठमांडू खोऱ्यात त्याचा एकही शिलालेख मिळालेला नाही. पाटणचे स्तूप प्राचीन आहेत, त्यांचा साधा अर्धगोल आकार जुन्या घडणीचा आहे. पण अशोकाचे नाव त्यांना परंपरेने दिले आहे, एवढेच आपण म्हणावे. ब्राह्मणी पुराणांतील भाकडकथांवर टीका करणाऱ्या आपण आपल्या कथांनाही तोच निकष लावला पाहिजे.

पुराव्याची जमीन लागते ती लिच्छवी काळात. दरबारचौकाच्या उत्तर अंगाला जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे, म्हणजे मंगः हिती नावाचे दगडी पाणवठे दिसतात. मकरमुखी तोट्यांतून पाणी पडते. या हितीचा काळ इ. स. ५७० असा सांगतात. म्हणजे अजिंठ्याची शेवटची लेणी कोरून होण्याला फार तर शंभर वर्षे झाली होती. सातव्या शतकात युआन श्वांगने ऐकीव माहितीवरून नेपाळचे वर्णन लिहून ठेवले. विहार आणि देवळे एकमेकांस लागून आहेत, आणि महायान व हीनयान दोन्हींचा अभ्यास करणारे सुमारे दोन हजार भिक्षू तेथे आहेत, असे तो सांगतो. हा 'एकमेकांस लागून' असलेला शेजार पुढे काय घडवून आणणार होता, याची कल्पना त्यास नसावी.

आता अंगणांकडे येऊ. पाटणच्या कोणत्याही गल्लीत चालताना मध्येच दोन दगडी सिंह आणि त्यांमधले ठेंगणे दार दिसते. वाकून आत शिरावे. आत चौकोनी अंगण, मध्ये एक वा अनेक लहान चैत्य, तीन बाजूंस राहती घरे आणि दारासमोरच्या बाजूस बुद्धमूर्तीचे गर्भगृह. यास बहाः म्हणतात. 'विहार' या शब्दाचेच हे नेवारी रूप. दुसरा प्रकार बही. तो उंच जोत्यावर, अधिक मोकळा, आणि जुन्या भिक्षुनिवासाच्या मांडणीशी अधिक निष्ठावंत. अशी लहानमोठी अंगणे या छोट्या नगरात शंभराहून अधिक आहेत.

ज्याने अजिंठ्याचे वा नाशिकचे विहार पाहिले आहेत, तो येथे थबकल्यावाचून राहणार नाही. मध्ये मोकळी जागा, तीन बाजूंस भिक्षूंच्या खोल्या, समोरच्या भिंतीत बुद्ध: आराखडा तोच आहे. आपल्या सह्याद्रीत तो दगडात कोरला गेला आणि ओस पडला; येथे तो विटा-लाकडात बांधला गेला आणि आजही त्यात चूल पेटते, वाळवणे पडतात, मुले अभ्यास करतात. भारतातील महाविहार बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढील काही दशकांत नष्ट झाले. धर्मस्वामी नावाचा तिबेटी यात्रिक इ. स. १२३४ च्या सुमारास नालंदेस पोहोचला, तेव्हा त्या उद्ध्वस्त विद्यापीठात वृद्ध राहुलश्रीभद्र सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. त्यापूर्वी हाच धर्मस्वामी आठ वर्षे नेपाळच्या खोऱ्यात शिकत होता, आणि तेथील विहार नांदते होते. भारतीय संस्कृत बौद्ध परंपरा अखंडपणे जिवंत राहिली ती जगात या एकाच खोऱ्यात. ही गोष्ट पाटणमध्ये पाऊल ठेवताना विसरता येत नाही, आणि पुढे आम्ही जे कठोर लिहिणार आहोत ते वाचतानाही विसरू नये.

सर्वांत प्रसिद्ध अंगण म्हणजे क्वाः बहाः, संस्कृत नाव हिरण्यवर्ण महाविहार. प्रवासी त्यास सुवर्णमंदिर म्हणतात. दरबारापासून उत्तरेस काही मिनिटांवर आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांनी मढवलेली छपरे आणि भिंती पाहून डोळे दिपतात. आतल्या खालच्या अंगणात उतरण्यापूर्वी चामड्याची वस्तू बाहेर ठेवावी लागते. येथील मुख्य बुद्धमूर्तीची सेवा करणारा पुजारी बारा वर्षांखालील बालक असतो. महिनाभर सेवा झाली की पाळी दुसऱ्याकडे जाते. याच विहारात सुवर्णाक्षरांत लिहिलेली अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेची पोथी आहे. ती केवळ पुजली जात नाही. श्रद्धावंत उपासकांसाठी तिचे पाठ होतात आणि पठणासाठी आचार्यांची रांग बसते.

पोथीवरून मुख्य विषयाकडे वळतो. पाटणची खरी संपत्ती सोन्याची छपरे नव्हेत, ती पोथ्यांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रायन हॉटन हॉजसन हा ब्रिटिश अधिकारी काठमांडूच्या रेसिडेन्सीत होता. त्याची पाटणच्या अमृतानंद नावाच्या वज्राचार्य पंडिताशी गाठ पडली. अमृतानंदांच्या साह्याने त्याने संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या प्रती मिळवल्या, नकला करवून घेतल्या आणि त्या कलकत्ता, लंडन व पॅरिसला पाठविल्या. पॅरिसमध्ये युजेन बर्नूफने त्या वाचून १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना सिद्ध केली. युरोपातील बौद्धविद्येचा पाया असा पाटणच्या एका पंडिताच्या दप्तरावर रचला गेला आहे. पण पुस्तकांतून हॉजसनचे नाव जेवढे मोठे छापले जाते तेवढे अमृतानंदांचे छापले जात नाही.

अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'चे उदाहरण घ्या. अठ्ठावीस सर्गांच्या या महाकाव्याचा संस्कृत पाठ चौदाव्या सर्गापर्यंतच, तोही अपुरा, उरला आहे, आणि जो उरला तो नेपाळमध्ये. अमृतानंदांनी १८३० मध्ये नक्कल करताना पुढचा भाग कोठेच मिळेना, तेव्हा स्वतः काही सर्ग रचून जोडले आणि तसे प्रांजळपणे नमूद केले. कॉवेलने १८९३ मध्ये छापलेली आवृत्ती अशाच नकलांवर उभी होती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना अश्वघोषाचा आधार किती प्रेमाने घेतला, हे त्या ग्रंथाच्या वाचकांस सांगावयास नको. सिद्धार्थाच्या गृहजीवनाची जी पृष्ठे आपल्या विहारांतून मोठ्याने वाचली जातात, त्यांच्या मागे या खोऱ्यातील ताडपत्रे आहेत.

आणखी एक उदाहरण. 'दिव्यावदान' या संग्रहात शार्दूलकर्णाची कथा येते. आनंद भिक्षू विहिरीवर पाणी मागतो. पाणी काढणारी प्रकृती म्हणते की मी चांडाळकन्या आहे. आनंद उत्तरतो की मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितले. पुढे या कथेत जातिभेदाचे विस्तृत खंडनही आहे. नेपाळमधील हस्तलिखितांच्या आधारे राजेंद्रलाल मित्र यांनी १८८२ साली तिचा सारांश प्रसिद्ध केला. त्यावरून रवींद्रनाथ ठाकुरांनी १९३३ मध्ये 'चंडालिका' हे नाटक लिहिले. प्रकृतीच्या धम्मप्रवेशाची कथा बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या भागात घेतली आहे.

तिसरे उदाहरण 'वज्रसूची'चे. जन्माने ब्राह्मण्य येते हा दावा एकेक युक्तिवादाने छेदणारी ही छोटी पुस्तिका परंपरेने अश्वघोषाच्या नावावर आहे. चिनी भाषांतर ती धर्मकीर्तीची मानते. हॉजसनला ती त्याच्या वृद्ध बौद्ध स्नेह्याने आणून दिली. हा स्नेही म्हणजे अमृतानंदच, असे अभ्यासक मानतात. हॉजसनने १८२९ मध्ये तिचे भाषांतर विद्वानांपुढे ठेवले. दहा वर्षांनी लान्सलॉट विल्किन्सनने मूळ संस्कृत छापले, तेव्हा त्याच पुस्तकात सुबाजी बापू नावाच्या पंडिताने जातिभेदाच्या समर्थनार्थ लिहिलेले उत्तरही जोडलेले होते. नावावरून हा गृहस्थ आपल्याकडचाच. त्याच नावाच्या उपनिषदाच्या आधारे संत बहिणाबाईंनी अभंग रचले होते, हेही येथे आठवते.

येथपर्यंत वाचून कोणाही धम्मबांधवास वाटेल की जेथे 'वज्रसूची' घरोघरच्या पेटीत होती, ते नगर जातिमुक्त असले पाहिजे. तसे ते नव्हते.

क्वाः बहाःचा तो बालपुजारी कोणाचा मुलगा असतो, हे विचारावे. उत्तर मिळेल: शाक्य वा वज्राचार्य कुळाचा. पाटणच्या बहाःचे 'भिक्षू' विवाहित गृहस्थ आहेत. मुलगा लहान असतानाच त्याचा चूडाकर्म-विधी होतो, ज्याला नेवारीत बरेछुयेगु म्हणतात. त्याचे मुंडन होते, चीवर आणि भिक्षापात्र मिळते. चार दिवस तो भिक्षू म्हणून राहतो, आणि चौथ्या दिवशी चीवर उतरवून गृहस्थाश्रमात परत येतो. त्यानंतर तो त्या विहाराच्या संघाचा आजन्म सदस्य. वज्राचार्यांच्या मुलास आणखी एक अभिषेक होतो व तो पुरोहित बनतो. परंतु हा विधी त्या विहारातील सदस्याच्या मुलाचाच होतो, आणि परंपरेने आईही योग्य जातीची असावी लागते. महर्जन शेतकऱ्याचा मुलगा कितीही श्रद्धावंत असला तरी त्या संघात प्रवेश नाही. मग पोडे, च्यामे यांची गोष्टच नको. नगर स्वच्छ ठेवणारे हे लोक जुन्या नगराच्या सीमेबाहेर राहत.

विनयपिटकातील चुल्लवग्गाची कथा आपल्या बालकांनाही पाठ आहे. अनुरुद्ध, आनंद इत्यादी शाक्य कुमार प्रव्रज्येस आले, तेव्हा त्यांनीच तथागतांना विनंती केली की आमचा न्हावी उपाली यास प्रथम दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्यास वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान गळून पडेल. आपल्याला त्या कुळाचे वारस म्हणवणाऱ्या पाटणच्या शाक्यांनी विहाराचे दार शाक्यपणाच्याच आधारावर बंद करावे, ही विपरीतता आमच्या मनातून जात नाही. त्या अंगणात उभे असताना त्या बालकाकडे पाहून मन कोमल होते, आणि त्याच क्षणी हा प्रश्नही समोर येतो.

हे घडले कसे? वंशावळी दोन उत्तरे देतात. एक, शंकराचार्यांनी येऊन भिक्षू-भिक्षुणींना बळाने विवाह करावयास लावले. दुसरे, चौदाव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या जयस्थिती मल्लाने भारतातून ब्राह्मण आणवून जातींची विभागणी ठरवून दिली. पहिल्या कथेस ऐतिहासिक आधार नाही. दुसरीत तथ्यांश आहे, कारण राजसत्ता ब्राह्मणी होती आणि तिने जातींची चौकट घट्ट केली यात संशय नाही. परंतु सारा दोष बाहेरच्यांवर टाकणे आम्हास सोयीचे वाटते, सत्य वाटत नाही. विवाहित शाक्यभिक्षू जयस्थितीच्या आधीपासून होते. वज्रयानाने गृहस्थ आचार्यास भिक्षूहून श्रेष्ठ मानण्याची वाट आधीच मोकळी केली होती. आणि विहारांना जमिनी दान मिळत. त्या जमिनींचे उत्पन्न गुठीच्या द्वारे संघाच्या सदस्यांत वाटले जाई, पूजेची पाळीही वाटली जाई. सदस्यत्वाबरोबर जेथे उत्पन्नाचा हिस्सा येतो, तेथे बाप तो आपल्या मुलाखेरीज दुसऱ्यास देऊ इच्छीत नाही. संघाचे सदस्यत्व वारसाहक्क झाले, वारसाहक्कासाठी रोटी-बेटीची कुंपणे आली, आणि संघाची जात झाली.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच मांडले होते: जात म्हणजे स्वतःस कोंडून घेतलेला वर्ग, आणि कोंडून घेण्याचे साधन म्हणजे सजातीय विवाह. दार प्रथम पुरोहितवर्गाने लावले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. हे सूत्र त्यांनी हिंदू समाजाविषयी मांडले. पाटण पाहिल्यावर कळते की बुद्धमूर्तीच्या साक्षीनेही तीच प्रक्रिया घडू शकते. आपल्यातही दीक्षेनंतर जुन्या पोटजातींचे विवाह अजून पुसले गेलेले नाहीत, हे येथे लिहिताना आमची लेखणी अडखळते.

१८५४ साली जंगबहादुर राणाने मुलुकी ऐन हा कायदा केला, आणि जे रूढीने होते ते दंडविधानात आले. त्यात 'पानी नचल्ने', म्हणजे ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही, असा जातींचा वर्गच ठरवला गेला. त्याचेही दोन भाग: ज्यांच्या स्पर्शानंतर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागत नाही ते, आणि व्हावे लागते ते. नेवारांतील कसाई पहिल्या भागात, पोडे आणि च्यामे दुसऱ्यात. मंगः हितीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही महाडच्या चवदार तळ्याचा विचार करीत होतो. प्रकृती आणि आनंदाची कथा या खोऱ्यानेच जपली, आणि पाण्यावरून माणसांची प्रतवारी करणारा कायदाही येथेच शंभरांवर वर्षे चालला. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनने त्यास कायद्याचा आधार उरू दिला नाही; २०११ मध्ये जातीय भेदभाव व अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र दंडविधान झाले. कायदा बदलला म्हणजे मन बदलते असे नव्हे, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु पाटणची गोष्ट येथे थांबत नाही, आणि थांबली असती तर आम्ही कोणास तेथे जा असे म्हटलेही नसते. विसाव्या शतकात या नगरातूनच एक नवे वारे सुटले. पाटणचे जगतमान वैद्य कलकत्त्यास शिकावयास गेले, तेथे अनागारिक धर्मपालांच्या कार्याने प्रभावित झाले आणि धर्मादित्य धर्माचार्य हे नाव घेऊन त्यांनी १९२५ मध्ये 'बुद्धधर्म' नावाचे मासिक काढले. नेपाळभाषेतील ते पहिले मासिक होय. राणा राजवटीत धर्मांतर हा गुन्हा होता. १९२६ साली ज्या पाच भिक्षूंना देशाबाहेर घालवण्यात आले, त्यांत महाप्रज्ञा होते. हिंदू कुळात जन्मलेल्याने चीवर का घेतले, हा त्यांचा अपराध. याच महाप्रज्ञांनी १९२८ मध्ये कुशीनगरास थेरवादी प्रव्रज्या घेतली. त्यांना प्रव्रज्या देणारे होते भदंत चंद्रमणी. तेच चंद्रमणी महास्थवीर, ज्यांच्या हस्ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. नेपाळमधील थेरवादाचे पुनरुज्जीवन आणि आपली दीक्षा ही एकाच आचार्याच्या हातून झालेली दोन कामे आहेत. आपल्या यात्रेकरूंपैकी किती जणांस हे ठाऊक असते, असा प्रश्न पडतो.

१९४४ मध्ये राणा सरकारने पुन्हा आठ भिक्षूंना हद्दपार केले. त्यांनी सारनाथला धर्मोदय सभा स्थापन केली. श्रीलंकेचे नारद थेर शिष्टमंडळ घेऊन काठमांडूस गेले आणि १९४६ मध्ये त्यांना परतण्याची मोकळीक मिळाली. हा नवा संघ जात विचारीत नव्हता. जो शेतकरी बहाःच्या संघात जन्मभर जाऊ शकला नसता, त्यास थेरवादी विहारात चीवर मिळू लागले. स्त्रियांनाही वाट सापडली. पाटणच्याच शाक्य कुळातील एक मुलगी धम्म शिकण्यासाठी किशोरवयातच घर सोडून ब्रह्मदेशास निघून गेली. त्याच पुढे धम्मवती गुरुमाँ म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्यांनी काठमांडूत धर्मकीर्ती विहार उभारला आणि १९८८ मध्ये लॉस एंजेलिसला भिक्षुणी-उपसंपदाही घेतली. पाटणमध्ये गेल्यास जुन्या बहाःप्रमाणेच एखाद्या थेरवादी विहारातही अवश्य बसावे. तेथील बुद्धवंदना पालीत असते. आपल्याला लगेच सूर मिळतो.

नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध बंधुत्व संघटनेची चौथी परिषद काठमांडूत भरली, तिच्या यजमानपदी हीच धर्मोदय सभा होती. प्रकृती ढासळलेली असताना बाबासाहेब तेथे गेले. २० नोव्हेंबर रोजी त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. सभेचे धुरीण भदंत अमृतानंद हे होते. एका अमृतानंदाने शतकापूर्वी पोथ्या जगाला दिल्या, दुसऱ्याने आपल्या मुक्तिदात्याचे यजमानपद भूषविले. वाचकांनी दोघांची गल्लत करू नये.

उरलेल्या काही गोष्टी थोडक्यात सांगतो. नगराच्या आग्नेय भागात महाबौद्ध नावाचे मंदिर आहे, संपूर्ण भाजलेल्या विटांचे, आणि विटेविटेवर बुद्धमूर्ती. अभयराज नावाच्या पाटणच्या शाक्याने बुद्धगयेस जाऊन आल्यावर तेथील महाविहाराच्या नमुन्यावर ते आरंभले आणि त्याच्या वंशजांनी पूर्ण केले. बुद्धगयेचा विहार महंतांच्या हाती जात होता त्याच सुमारास त्याची प्रतिकृती येथे उभी राहिली. त्या विहाराच्या मुक्तीसाठी आंदोलन केलेल्या आपल्या बांधवांना तेथे क्षणभर थांबावेसे वाटेल. १९३४ च्या भूकंपात ते कोसळले व पुन्हा बांधले. उरलेल्या विटांतून शेजारी मायादेवीचे छोटे मंदिर उभे केले. लगतच्या उकु बहाः, म्हणजे रुद्रवर्ण महाविहाराच्या परिसरात आजही मेणाच्या साच्यातून धातुमूर्ती ओतणारे कारागीर आहेत. याच खोऱ्यातील अरनिको तेराव्या शतकात कारागिरांचा ताफा घेऊन तिबेटात गेला, तेथून कुबलाई खानाच्या दरबारी पोहोचला. बीजिंगचा श्वेत स्तूप त्याने बांधला.

पाटणचा रथोत्सव पाहावयास मिळाला, तर ज्यास सारे मच्छिंद्रनाथ म्हणतात ती मूर्ती लाल रंगाच्या अवलोकितेश्वराची आहे, हे लक्षात असू द्यावे. धर्मस्वामीनेही तेराव्या शतकात तिची मिरवणूक पाहून लिहिली आहे, आणि त्यास ती अवलोकितेश्वर म्हणूनच ठाऊक होती. नाथपंथी नाव मागाहून चढले. नेवार बौद्ध अजूनही तिला करुणामय म्हणतात.

शिलालेखांवरील सन पाहून गोंधळू नये. ते नेपाळ संवतात असतात. त्यात ८७९ वा ८८० मिळविले की इसवी सन येते. हा संवत एका राजाच्या विजयाचा नव्हे. शंखधर साख्वा नावाच्या सामान्य माणसाने लोकांची कर्जे फेडून तो सुरू केला, अशी आख्यायिका आहे, आणि नेपाळ सरकारने १९९९ मध्ये त्यास राष्ट्रीय विभूती म्हणून घोषित केले.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात दरबारचौकातील चार नारायण आणि हरिशंकर ही मंदिरे जमीनदोस्त झाली. बुंगमतीचे करुणामयाचे मंदिरही पडले.  बहाःची अंगणे मात्र तुलनेने सावरली.

केव्हा जावे, असे कोणी विचारल्यास आम्ही श्रावण सांगतो. वर्षावासाचा हा महिना नेवार बौद्धांचा पवित्र गुंला महिना आहे, आणि तिथींच्या हिशोबाने तो आपल्या श्रावणाशी तंतोतंत जुळतो. श्रावण शुद्ध अष्टमीस पाटणमध्ये पंचदान होते; दीपंकर बुद्धाच्या मूर्ती दर्शनास काढतात आणि शाक्य-वज्राचार्यांना धान्याचे दान देतात. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांत मतया येतो. त्या दिवशी पहाटेपासून हजारो लोक एका ओळीत, बहुतेक अनवाणी, वर्षभरात निधन पावलेल्या आप्तांच्या नावे नगरातील प्रत्येक बहाः, प्रत्येक चैत्यापुढे दिवा, अक्षता आणि नाणी ठेवीत जातात. गल्ल्या, अंगणे, घरांमागच्या बोळी, कोणाच्या तरी ओसरीवरून पलीकडचे अंगण, असा तो मार्ग संध्याकाळपर्यंत चालू असतो. या रांगेत महर्जन शेतकरी असतात, शाक्य सोनार असतात, आणि सोबत चालणाऱ्या परक्यासही कोणी हटकत नाही. पायात काही न घालण्याचा आग्रह नाही. मात्र पाऊस असतो आणि दगडी फरसबंदी निसरडी होते, तेव्हा वृद्धांनी एका बहाःत बसूनच ती रांग जाताना पाहावी.